सोमवारी त्या वर्गावर कोण जाणार?

ताई,
मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) मराठी आणि गणित. इंटर्नशिपचे पाठ सहावी-सातवीला झाले. पुण्यातल्याच एका एजन्सीमार्फत टांझानियात अरुषाजवळच्या एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून पाच आठवडे जायची संधी आली आहे. तारखा ५ जून ते १० जुलै. पैसे एक लाख पंच्याऐंशी हजार, विमानाचं तिकीट वेगळं. सकाळी पहिली-दुसरीला इंग्लिश आणि गणित, दुपारी अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर खेळ, शनिवार-रविवारी सफारी. व्हिसा टुरिस्टच काढा, सोपा पडतो, असं एजन्सीवाले म्हणाले. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. आई म्हणते, आधी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास कर. मैत्रीण म्हणते, सीव्हीला वजन येईल. मला खरंच शिकवायचं आहे. जाऊ का?
– सई (नाव बदललं आहे), कोथरूड

सई,

तुझ्या पत्रात 'मला खरंच शिकवायचं आहे' हे एक वाक्य तुझं वाटलं. बाकीच्यांतली बरीचशी माहितीपत्रकातून उतरून आल्यासारखी आहेत, म्हणून त्यांना उत्तर देताना मी थोडी खरमरीत झाले तर ते तुला उद्देशून नाही असं समज.

टांझानियाला जा. पण या तारखांना नको, या व्हिसावर नको, आणि ते काम जसं मांडलंय तसं तर मुळीच नको.

तारखांचं लगेच उरकतं. टांझानियातलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. पहिलं सत्र जूनच्या सुरुवातीला संपतं, मग सुट्टी, आणि जुलैत दुसरं सत्र. म्हणजे तुझ्या पाच आठवड्यांतले बहुतेक दिवस शाळेला कुलूप. मग सकाळी कोणत्या पहिली-दुसरीला शिकवणार होतीस? एकतर एजन्सीने त्या शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं नाही, नाहीतर स्वयंसेवक आले की मुलांना सुट्टीत बोलावून बसवतात. यातलं कोणतं जास्त वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीला जोडून सहली काढायची सवय पुण्याच्या एजन्सीजना आहे; केरळ-काश्मीरला ते चालून जातं.

आता कामाबद्दल. तू पाठ दिलेस सहावी-सातवीला आणि तिथं तुझ्या हाती पहिली-दुसरी देणार. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या प्रकरणात सांगितलं की बी.एड. ही प्राथमिक शिक्षकपदासाठीची पात्रता नाही, त्यासाठी डी.एल.एड. (आपण सगळे अजून डी.एड.च म्हणतो) हवं. त्या निकालावर खूप आदळआपट झाली. बी.एड.वाल्यांचं नुकसान झालं हेही खरंच. पण मूळ मुद्दा मला पटतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला लावणं हे सातवीला अपूर्णांक शिकवण्यापेक्षा वेगळं कसब आहे, आणि ते तुला अजून कुणी शिकवलेलं नाही. पुण्यातल्या शाळेत तुला पहिलीचा वर्ग कुणी एकटीला देणार नाही. अरुषाजवळ देतात. ही संधी वाटते तुला, आणि तुझ्या वयात मलाही वाटली असती.

वाटली असती काय, वाटलीच होती. १९८१ साली डी.एड.ला असताना मला छात्रसेवाकालासाठी जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत पाठवलं होतं. मी गेले आणि गुरुजींना हायसं झालं. तिसरीचा वर्ग माझ्या हवाली करून ते शाळेच्या दुरुस्तीच्या, पगाराच्या, कसल्या कसल्या कामांना तालुक्याला जाऊ लागले. गुरुजी मुलांना जुन्या रीतीने वजाबाकी शिकवत होते. समज ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून वरच्या दोनाला दहा दिले, बारा झाले, बारातून सात गेले पाच. मग खालच्या दोनाला एक दिला, तीन झाले, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. मी कॉलेजात नवीन रीत शिकून गेले होते: पाच दशकांतलं एक दशक सुटं करायचं, वर चारच दशक उरतात, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच, पण मुलाला का ते कळतं. काड्यांच्या जुड्या बांधल्या, सोडल्या, मुलं खूश, मी त्याहून खूश. चौथ्या आठवड्यात माझा मुक्काम संपला आणि मी एस.टी.त बसले.

वर्षभराने नारायणगावच्या स्टँडवर गुरुजी भेटले. चहा पाजला. म्हणाले, "बाई, तुमचा हातचा मी अजून निस्तरतोय." अर्धा वर्ग दोन्ही रीती एकत्र करत होता. वरच्या पाचाचे चार करायचा आणि खालच्या दोनाचे तीनही. चारातून तीन गेले एक. बावन्न वजा सत्तावीस, पंधरा. पोरं मन लावून, न चुकता चुकत होती. माझी रीत चांगली होती, गुरुजींचीही वाईट नव्हती. फक्त मी गुरुजींना 'तुम्ही कसं शिकवता' हे एकदाही विचारलं नव्हतं आणि माझ्यानंतर सोमवारी त्या वर्गावर कोण उभं राहणार आहे याचा विचार केला नव्हता.

हाच प्रश्न तू एजन्सीला लेखी विचार. मी येण्याआधीच्या शुक्रवारी या वर्गाला कोण शिकवत होतं, आणि मी निघाल्यानंतरच्या सोमवारी कोण शिकवणार? उत्तरात एका नेमलेल्या वर्गशिक्षिकेचं नाव आलं, तर त्या बाईंच्या हाताखाली, त्यांच्या मागच्या बाकावर तुला जागा आहे. 'पुढचा स्वयंसेवक' असं उत्तर आलं तर विषय बंद. दर पाच आठवड्यांनी नवा चेहरा, नवा उच्चार आणि नवा हातचा समोर येणाऱ्या वर्गाचं काय होत असेल, तू कल्पना कर. तुझ्या इंटर्नशिपला मार्गदर्शक मॅडम मागे वही घेऊन बसायच्या ना? त्या तिथं कोण असणार, हेही विचार. पाठाच्या टाचणावर सही करणारं कुणीच नसेल तर तो छात्राध्यापकाचा अनुभव कसा म्हणायचा?

तुझ्या डोक्यात 'इंग्लिश शिकवीन' असं आहे, म्हणून तिथली रचना थोडी सांगते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली आहे, सातवीपर्यंत. इंग्लिश हा एक विषय. आणि माध्यमिकला गेल्यावर एकदम सगळं इंग्लिशमधून. आपल्याकडे 'सेमी-इंग्लिश घ्यावं की नको' यावर सोसायटीच्या बागेत भांडणं होतात, तिथं सेमीचा जिनाच नाही, थेट उडी. त्यामुळे इंग्लिशची गरज आहे हे एजन्सीचं म्हणणं खोटं नाही. पण त्या पहिलीतल्या मुलाला जे समजवायचं ते स्वाहिलीतूनच समजवावं लागतं आणि तुला स्वाहिली येत नाही. जानेवारी २०१६ पासून सरकारी शाळांची फी बंद झाली आणि वर्गांतली मुलांची संख्या एकदम फुगली. तेव्हा वीस-पंचवीस मुलांचा गोंडस गोल करून गाणी म्हणायचं चित्र मनातून पुसून टाक.

स्वाहिलीचा धसका मात्र घेऊ नकोस. मराठी माणसाला ती निम्मी ओळखीची वाटते, कारण अरबी-फारसी शब्द आपल्याकडे आले तसे तिकडेही गेले, आणि काही तर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून गेले. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे पेन, दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी. इन्शुरन्सला बीमा म्हणतात आणि गणिताच्या विषयाला हिसाबाती. घड्याळ मात्र फसवतं. तिथं तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'एक' आणि आठ म्हणजे 'दोन'. कुणी दोन वाजता शाळेत या म्हटलं आणि तू जेवून दुपारी निघालीस तर पहिल्याच दिवशी नाव होईल.

तुझी मेथड गणित आहे म्हणून अजून एक. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढं रणकंदन झालं, आठवतं? तू शाळेतच असशील. विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत थट्टा चालली होती आणि गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात. आपण 'एकवीस' म्हणतो तेव्हा एक आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नंतर. स्वाहिलीत एकवीसला 'इशिरिनी ना मोजा' म्हणतात, शब्दशः वीस आणि एक. म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलाचा संख्यानामांशी जो झगडा चालतो तो तिथल्या मुलाला मुळात नसावा. मग ते मूल स्थानिक किंमत कशी शिकतं, कुठे अडतं? हे मागच्या बाकावर बसून, वहीत टिपून आणलंस तर तुझ्या कॉलेजात त्यावर एक झकास निबंध होईल आणि तुझ्या पहिल्या नोकरीत रोज उपयोगी पडेल. तू तिथं शिकायला जावंस असं मी म्हणते ते याच अर्थाने. देण्यासारखंही तुझ्याजवळ आहे: बाटल्यांची झाकणं, बिया, जुने कागद यांतून शैक्षणिक साहित्य बनव. अरविंद गुप्तांनी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात बसून टाकाऊतून खेळण्यांचा केवढा खजिना केलाय, तो फुकट उपलब्ध आहे. जायच्या आधी दहा खेळणी हाताने बनवता आली पाहिजेत. आणि ती तिथल्या शिक्षिकांबरोबर बनव, म्हणजे तू गेल्यावरही बनतील. त्यांना हवं असेल तर दुपारी त्यांच्याशी इंग्लिशमध्ये गप्पा मार. पाच आठवड्यांत एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

छडीबद्दल कुणी तुला सांगितलंय का? नसेलच. टांझानियात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी नाही, मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत छडी मारता येते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती बंद केली. (कागदावर. कोणत्या शाळेत काय चालतं हे तुलाही इंटर्नशिपमध्ये दिसलं असेल.) तुझ्या समोर एखाद्या मुलाला छडी बसली तर तू काय करशील? वर्गात मध्ये पडून बाईंचा अपमान करण्यात अर्थ नाही, तोंड फिरवून वहीत डोकं घालणंही तुला झेपणार नाही. आधीच शाळेला कळव की मी स्वतः मारणार नाही, आणि मुलांना शिक्षेसाठी माझ्याकडे पाठवू नका. बाकी मुख्याध्यापकांशी एकटीने, दार लावून, नम्रपणे बोलायचं. तरीही एखादी रात्र झोप लागणार नाही, तयारी ठेव.

दुपारचा अनाथाश्रम मात्र यादीतून काट. इथं मी घासाघीस करणार नाही. जगभर अशा संस्थांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून गरीब घरांतली मुलं शिक्षणाच्या आमिषाने आणून ठेवली जातात, हे नेपाळ आणि कंबोडियात उघडकीला आलेलं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केला. तू गेलीस, मुलं गळ्यात पडली, पाच आठवड्यांनी तू निघालीस, पुन्हा नवी ताई. दोन-तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाच्या गळ्यात धावत येऊन पडतं तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं, गं. आपल्याला ते प्रेम वाटतं. फोटो तर अजिबात नकोत. तुझ्या भाचीचा फोटो कुणी न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला तर तुझी बहीण काय करेल?

यालाच जोडून अजून एक. एजन्सीने तुझ्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करून ते मिळतं, फार अवघड नाही. त्यांनी मागितलं नसेल तर तुझ्याआधी त्या मुलांत कोण कोण जाऊन आलं, याची चौकशीही कुणी केलेली नसणार. मागू देत नाहीतर न मागू देत, तू काढ.

व्हिसाचं थोडक्यात: पर्यटक व्हिसावर टांझानियात स्वयंसेवा चालत नाही. स्वयंसेवकांसाठी क्लास सी नावाचा निवास परवाना असतो आणि तो यजमान संस्थेने काढून द्यायचा असतो. तो काढायला जी संस्था तयार नसते ती एकतर तिथं नोंदलेली नसते किंवा तुझ्यासाठी खर्च करायला राजी नसते. पकडलं गेलं तर एजन्सीवाला लक्ष्मी रोडवरच्या ऑफिसात असेल आणि इमिग्रेशनच्या खिडकीसमोर तू. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घे, परत येताना आपलेच अधिकारी ते पिवळं कार्ड मागतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. आणि स्वेटर ने. अरुषा आपल्या पुण्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर आहे, जुलैत तिथं चांगलं गार असतं. जेवणाची काळजी आईला करू देऊ नकोस, चपाती याच नावाने मिळते आणि चहा 'चाय' नावाने. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घेवड्याच्या उसळीबरोबर छान लागते.

पैशांची फोड मागून घे. एक लाख पंच्याऐंशी हजारांतले शाळेला किती, ज्या घरी राहणार त्यांना किती, परवान्याला किती, एजन्सीला किती. शाळेच्या रकान्यात शून्य असेल तर बाबांनी एफडी कशासाठी मोडायची? पैसा असलेल्या माणसांनी तिथं जाऊन शाळेचा वेळ खायचा आणि शाळेने फुकट पाहुणचार करायचा, याला स्वयंसेवा म्हणायला जीभ रेटत नाही. सफारी मात्र कर बाई. एवढं लांब जाऊन गोरोंगोरोचं अभयारण्य न पाहता येऊ नये. फक्त तो खर्च सहलीच्या नावाने लिही.

'इथंच काय कमी गरज आहे, परदेशी कशाला' असं मी म्हणेन अशी तुला भीती असेल. नाही म्हणणार. माणसाने बावीसाव्या वर्षी लांब जावं. पण जायच्या आधी दोन महिने, दर शनिवारी, वाघोली किंवा हडपसरकडच्या एखाद्या बांधकामाच्या साइटवरच्या मुलांच्या वर्गात मागे बसून ये. डोअर स्टेप स्कूल हे काम पुण्यात कित्येक वर्षं करते, त्यांना विचार. तिथली मुलं कुणी तेलुगू बोलतात, कुणी कन्नड, कुणी छत्तीसगढी, आणि बिल्डिंग उभी राहिली की एका रात्रीत दुसऱ्या साइटवर निघून जातात. तुझी भाषा मुलाला येत नाही आणि मुलाची तुला, तेव्हा बाई वर्ग कसा चालवतात, हे तिथं रिक्षाच्या भाड्यात पाहायला मिळेल. तिसऱ्या शनिवारी कंटाळा आला तर एफडी वाचली.

आईचं टीईटीचं म्हणणं बाजूला सारू नकोस. परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या तारखा तुझ्या विमानासाठी थांबणार नाहीत. मैत्रिणीला सांग की पाच आठवड्यांनी सीव्हीला फार वजन येत नाही; निदान मी मुलाखती घ्यायचे तेव्हा मला तरी कधी जाणवलं नाही. मी उमेदवाराला एखाद्या मुलाची चूक सांगायला लावायचे. मुलगा कसा चुकला हे जो नीट सांगायचा, त्याला घ्यायचे.

तर असं कर. एजन्सीला शुक्रवार-सोमवारचा प्रश्न, परवाना, पैशांची फोड आणि शाळेचं सत्राचं वेळापत्रक, एवढं ईमेलने विचार. फोनवर नको, फोनवर सगळेच गोड बोलतात. उत्तरं नीट आली तर तारखा जुलैच्या मध्यापासून पुढे सरकवून घे आणि एखाद्या वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून जा. आली नाहीत तर दुसरी संस्था शोध, टांझानिया कुठे पळून जात नाही. जे उत्तर येईल ते मला कळव.

आणि स्वाहिलीचे दोन शब्द आतापासून घोकून ठेव. वर्गात पाऊल टाकलंस की मुलं उभी राहून एका सुरात 'शिकामो, म्वालिमू' म्हणतील. म्वालिमू म्हणजे शिक्षक, त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, न्येरेरेंना, लोक याच नावाने ओळखतात, कारण राजकारणाआधी ते शाळामास्तर होते. शिकामो हा थोरांना करायचा नमस्कार. त्यावर 'हॅलो चिल्ड्रन' म्हणू नकोस. 'माराहाबा' म्हणायचं, आणि मग मागच्या बाकावर जाऊन बसायचं.